बुरशीजन्य संसर्गाविरुद्धची प्रतिकारयंत्रणा

रोगकारक बुरशी शरीरात शिरू नये, शिरली तर रुजू नये आणि रुजली तर तिचा नाश व्हावा, यासाठी मानवी शरीरात कार्यरत असलेल्या अडथळ्यांच्या, पेशींच्या आणि रासायनिक द्रव्यांच्या एकत्रित व्यवस्थेला बुरशीजन्य संसर्गाविरुद्धची प्रतिकारयंत्रणा असे म्हणतात. बुरशीचे बीजाणू हवेत, मातीत, धान्यात आणि घरातील धुळीत सर्वत्र असतात. निरोगी माणूस दररोज असे शेकडो बीजाणू श्वासावाटे आत घेतो, तरीही तो आजारी पडत नाही. म्हणूनच बुरशीजन्य रोगांचा अभ्यास हा बऱ्याच अंशी प्रतिकारयंत्रणेतील उणिवांचा अभ्यास ठरतो. या यंत्रणेचा कोणता दुवा निकामी झाला आहे, यावर कोणत्या बुरशीचा रोग होईल हे पुष्कळदा अवलंबून असते. कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आढळलेला म्युकरमायकोसिस हा रोग याचे ठळक उदाहरण आहे.

बुरशीचे स्वरूप

बुरशी किंवा कवक हा वनस्पती व प्राणी यांहून वेगळा असा सजीवांचा गट आहे. किण्वासारख्या (यीस्ट) काही बुरशी एकपेशीय असतात, तर काही धाग्यांसारख्या कवकतंतूंच्या रूपात वाढतात. शिळ्या पावावर किंवा भाकरीवर दिसणारी कापसासारखी वाढ ही अशा तंतूंचीच असते. जीवाणूंच्या पेशीत केंद्रक नसते. बुरशीच्या पेशीत मात्र मानवी पेशीप्रमाणेच सुस्पष्ट केंद्रक असते. उत्क्रांतीच्या दृष्टीने बुरशी जीवाणूंपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहे. त्यामुळे मानवी पेशींना इजा न करता बुरशी मारणारी औषधे शोधणे अवघड जाते.

दोहोंत दोन महत्त्वाचे फरक मात्र आहेत. बुरशीच्या पेशीभोवती कायटिन, बीटा-ग्लुकान आणि मॅनान या पदार्थांनी बनलेली भित्तिका असते. मानवी पेशीला अशी भित्तिका नसते. तसेच मानवी पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या पेशीपटलात त्याऐवजी अर्गोस्टेरॉल असते. प्रतिकारयंत्रणा मुख्यतः पहिल्या फरकावरून बुरशीला ओळखते, तर अनेक बुरशीरोधक औषधे दुसऱ्या फरकाचा उपयोग करतात.

शरीराची पहिली तटबंदी

बुरशीच्या लक्षावधी जातींपैकी माणसाला रोग करू शकणाऱ्या जाती काही शेच आहेत. याचे एक महत्त्वाचे कारण शरीराचे तापमान हे होय. बहुसंख्य बुरशींना ३० अंश सेल्सिअसखालील तापमान मानवते. ३७ अंशांवर त्यांची वाढ खुंटते. बुरशीच्या अनेक जातींवरील प्रयोगांत, ३० ते ४० अंशांच्या दरम्यान तापमान एकेका अंशाने वाढवले असता दर अंशामागे सुमारे ६ टक्के बुरशी वाढण्यास असमर्थ ठरल्याचे आढळले आहे. बेडकांसारख्या शीतरक्ताच्या प्राण्यांमध्ये बुरशीजन्य साथींनी मोठी हानी होते, परंतु सस्तन प्राणी त्यामानाने सुरक्षित राहतात, त्याचे हे एक स्पष्टीकरण मानले जाते.

अखंड त्वचा, तिचा आम्लधर्मी पृष्ठभाग आणि त्यावरील मेदाम्ले बुरशीला रुजू देत नाहीत. श्वसनमार्गातील चिकट स्राव बीजाणूंना पकडून ठेवतो आणि सूक्ष्म केसलांची हालचाल त्यांना घशाकडे ढकलते. तोंड, आतडे व योनिमार्ग येथील उपकारक जीवाणू जागा आणि अन्न व्यापून बुरशीला आवर घालतात. दीर्घकाळ प्रतिजैविके घेतल्यावर तोंडात किंवा योनिमार्गात कॅन्डिडा या बुरशीची वाढ होते, ती हे जीवाणू नष्ट झाल्यामुळे.

बुरशीची ओळख

ही तटबंदी ओलांडून आत आलेल्या बुरशीला परकी म्हणून ओळखणे ही प्रतिकाराची पुढची पायरी होय. शरीरातील भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर यासाठी विशिष्ट ग्राही प्रथिने असतात. त्यांपैकी डेक्टिन-१ हे प्रथिन बुरशीच्या भित्तिकेतील बीटा-ग्लुकानला चिकटते. त्याचा संदेश पेशीत कार्ड-९ नावाच्या प्रथिनामार्फत पुढे जातो आणि पेशी हल्ल्यासाठी सज्ज होते. ज्या व्यक्तींमध्ये कार्ड-९ जन्मतः सदोष असते, त्यांना बुरशीचे वारंवार होणारे व खोलवर पसरणारे संसर्ग होतात. इतर जंतूंशी मात्र त्यांचे शरीर बऱ्याच अंशी नेहमीप्रमाणे लढते.

ग्राही प्रथिनांचा दुसरा महत्त्वाचा गट टोल-सदृश ग्राहींचा आहे. या गटाच्या शोधात बुरशीचा वाटा मोठा आहे. फ्रान्समधील शास्त्रज्ञ ज्यूल होफमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये असे दाखवून दिले, की टोल हे जनुक निकामी असलेल्या फळमाश्या ॲस्परजिलस या बुरशीच्या संसर्गाने मरतात. याच प्रकारची प्रथिने मानवातही प्रतिकाराचे काम करतात, हे त्यानंतर स्पष्ट झाले. या क्षेत्रातील कार्यासाठी होफमान यांना २०११ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

भक्षक पेशींचे कार्य

बुरशीविरुद्धच्या लढ्याचा मुख्य भार भक्षक पेशींवर असतो. या पेशींची कल्पनादेखील बुरशीच्या निरीक्षणातून दृढ झाली. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८४ मध्ये डॅफ्निया या गोड्या पाण्यातील सूक्ष्म, पारदर्शक जीवाचा अभ्यास केला. त्याच्या शरीरात शिरलेले किण्वासारख्या बुरशीचे बीजाणू फिरत्या पेशी गिळून टाकतात, असे त्यांना दिसले. बीजाणू गिळले गेले तर डॅफ्निया जगे, अन्यथा मरे. भक्षक पेशींच्या या सिद्धान्ताबद्दल मेचनिकोव्ह यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिश यांच्यासह देण्यात आले.

फुप्फुसाच्या वायुकोशांत महाभक्षक पेशींचा सतत पहारा असतो. ॲस्परजिलसचे बीजाणू केवळ २ ते ३ मायक्रॉन आकाराचे असल्यामुळे ते वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. महाभक्षक पेशी त्यांना गिळून, अंकुरण्यापूर्वीच नष्ट करतात. काही बीजाणू यातून निसटले आणि त्यांना तंतू फुटू लागले, तर महाभक्षक पेशी रासायनिक संदेश सोडून रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना पाचारण करतात.

लांब वाढलेला कवकतंतू एका पेशीला गिळता येण्याजोगा नसतो. अशा वेळी न्यूट्रोफिल त्याला चिकटून ऑक्सिजनपासून बनलेली अतिक्रियाशील द्रव्ये आणि विकरे त्याच्यावर सोडतात. याशिवाय न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएचे धागे बाहेर टाकून जाळे तयार करतात व त्यात बुरशीला अडकवतात. जीवाणूंच्या बाबतीत या जाळ्यांचे वर्णन प्रथम २००४ मध्ये झाले आणि बुरशीविरुद्धही त्यांचा उपयोग होतो, हे पुढे दिसून आले. रक्ताच्या कर्करोगात किंवा त्यावरील औषधांमुळे न्यूट्रोफिलांची संख्या फार घटते, तेव्हा ॲस्परजिलस फुप्फुसात बेलगाम वाढतो. त्यांची संख्या पुरेशी असूनही ही मारक ऑक्सिजनद्रव्ये तयार होत नसतील, तर तोच धोका संभवतो. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात विकारात हेच घडते.

टी-पेशींचा सहभाग

भक्षक पेशींचा प्रतिकार उपजत असतो. ओळखीच्या शत्रूविरुद्ध नेमकी कारवाई करणे हे अर्जित प्रतिकाराचे काम होय. डेंड्रायटिक पेशी बुरशीचे अंश लसीका ग्रंथींपर्यंत नेतात आणि तेथे टी-पेशींना त्यांची ओळख करून देतात. यानंतर टी-पेशी कोणते रूप घेतात, याला फार महत्त्व असते.

टीएच-१ प्रकारच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य सोडून महाभक्षक पेशींची मारकशक्ती वाढवतात. महाभक्षक पेशींच्या आत जिवंत राहू शकणाऱ्या हिस्टोप्लाझ्मा व क्रिप्टोकॉकस या बुरशींविरुद्ध हा प्रतिसाद निर्णायक असतो. टीएच-१७ प्रकारच्या पेशी इंटरल्युकिन-१७ हे द्रव्य निर्माण करतात. त्यामुळे तोंडाच्या व त्वचेच्या पृष्ठभागावर न्यूट्रोफिल जमतात आणि कॅन्डिडा काबूत राहते. एचआयव्हीच्या संसर्गात सीडी-४ टी-पेशी घटल्या, की तोंडात कॅन्डिडाचा पांढरा थर येतो आणि पुढे क्रिप्टोकॉकसमुळे मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. याउलट, केवळ न्यूट्रोफिल घटलेल्या रुग्णात क्रिप्टोकॉकसचा रोग सहसा दिसत नाही. प्रतिकाराचा कोणता दुवा तुटला यावर रोग ठरतो, तो असा. बुरशीविरुद्धच्या लढ्यात प्रतिपिंडांचा वाटाही असतो, परंतु तो बहुधा साहाय्यक स्वरूपाचा असतो.

बुरशीचे बचावाचे उपाय

प्रतिकार चुकवण्याचे अनेक मार्ग बुरशीलाही साधलेले आहेत. ॲस्परजिलसच्या बीजाणूवर जलरोधी प्रथिनाचे आवरण असते. त्याखाली बीटा-ग्लुकान झाकले गेल्यामुळे बीजाणू अंकुरेपर्यंत ओळखू येत नाही. क्रिप्टोकॉकस स्वतःभोवती जाड शर्करामय कोश तयार करतो, त्यामुळे त्याला गिळणे भक्षक पेशींना कठीण जाते. कॅन्डिडा अल्बिकान्स गोल किण्वरूपातून तंतुरूपात जाते आणि गिळणाऱ्या पेशीलाच भेदून बाहेर पडू शकते. तंतुरूपातील कॅन्डिडा जे कॅन्डिडालायसिन नावाचे विष तयार करते, त्याचा शोध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

अतिरेकी प्रतिसाद

प्रतिकार कमी पडणे जसे घातक, तसा त्याचा अतिरेकही घातक ठरतो. टी-पेशींनी टीएच-२ हे रूप घेतले, तर बुरशी मरत नाहीच. उलट इओसिनोफिल पेशी व आयजीई प्रतिपिंडे वाढून ॲलर्जी निर्माण होते. दम्याच्या काही रुग्णांत ॲस्परजिलसविरुद्ध असाच प्रतिसाद उमटतो व श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. या विकारावर प्रतिसाद दाबणारी स्टेरॉइड औषधेच द्यावी लागतात. दुसरीकडे, क्षयरोग बरा झाल्यानंतर फुप्फुसात राहिलेल्या पोकळीत ॲस्परजिलसचा गोळा वाढू शकतो. तेथे भक्षक पेशी पुरेशा पोहोचत नाहीत. एकाच बुरशीमुळे होणारे हे दोन रोग रुग्णाच्या प्रतिकारस्थितीमुळे एकमेकांपासून वेगळे ठरतात.

महाराष्ट्रातील म्युकरमायकोसिस, २०२१

म्युकरमायकोसिस हा म्युकोरेलीस गणातील बुरशींमुळे होणारा रोग होय. त्यांपैकी ऱ्हायझोपस ही प्रजाती सर्वाधिक आढळते. पावावर वाढणारी बुरशीही याच प्रजातीतील आहे. या रोगाचे मानवातील पहिले सविस्तर वर्णन अर्नोल्ड पाल्टौफ यांनी १८८५ मध्ये केले. अनियंत्रित मधुमेहाचे मोठे प्रमाण असलेल्या भारतात हा रोग कोविडपूर्व काळातही इतर देशांच्या तुलनेत पुष्कळच अधिक होता. मात्र २०२१ च्या एप्रिल ते जून या महिन्यांत त्याची संख्या अभूतपूर्व वाढली. केंद्र सरकारने २० मे २०२१ रोजी हा रोग साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्याची सूचना राज्यांना केली. केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी २८ जून २०२१ रोजी दिलेल्या माहितीनुसार देशात तोवर ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले होते आणि ३,१२९ मृत्यू झाले होते. रुग्णांपैकी ८५.५ टक्क्यांना कोविड झालेला होता, सुमारे ६४ टक्क्यांना मधुमेह होता आणि सुमारे ५३ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेले होते. महाराष्ट्र व गुजरात ही सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत होती.

सोलापूर जिल्ह्यातही या काळात रुग्ण आढळले. सोलापूर शहरातील श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून शेजारच्या जिल्ह्यांतील व कर्नाटकच्या सीमाभागातील रुग्णही तेथे येतात. या रोगाच्या उपचारात कान-नाक-घसा, नेत्र, दंत व मधुमेह या शाखांच्या डॉक्टरांना एकत्र काम करावे लागते, तसेच औषध अनेक आठवडे शिरेवाटे द्यावे लागते. त्यामुळे ग्रामीण भागातील कुटुंबांवर त्याचा मोठा भार पडला. राज्य शासनाने मे २०२१ मध्ये या रोगाच्या उपचाराचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केला.

या साथीमागे प्रतिकाराचे अनेक दुवे एकाच वेळी तुटणे हे कारण होते. रक्तातील साखर फार वाढली असता न्यूट्रोफिल संसर्गाच्या जागी वेळेवर पोहोचत नाहीत व त्यांची मारकशक्ती घटते. मधुमेहातील कीटोआम्लतेमुळे रक्त अधिक आम्लधर्मी होते आणि एरवी ट्रान्सफेरिन या प्रथिनाने धरून ठेवलेले लोह मोकळे होते. लोह हे म्युकोरेलीस बुरशींच्या वाढीस अत्यावश्यक असल्यामुळे त्यांना आयते खाद्य मिळते. शिवाय वाढलेली साखर व लोह यांमुळे रक्तवाहिन्यांच्या आतील पेशींवर जीआरपी-७८ नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात येते; बुरशी नेमके तेच पकडून वाहिनीत शिरते. स्टेरॉइडमुळे महाभक्षक पेशींची बीजाणू रोखून धरण्याची क्षमता कमी होते आणि साखरही वाढते.

ऑक्सिजनची गरज असलेल्या कोविड रुग्णांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मर्यादित मात्रेत जीव वाचवते, हे २०२० मधील रिकव्हरी चाचणीत सिद्ध झाले होते. ऑक्सिजनची गरज नसलेल्या रुग्णांना त्याचा लाभ होत नाही, हेही त्याच चाचणीत दिसले होते. म्हणजेच अतिरेकी दाह आवरणारे औषध गरजेविना, अधिक मात्रेत किंवा साखरेवर लक्ष न ठेवता दिले, तर तेच बुरशीला वाट मोकळी करून देते.

या रोगाला ‘काळी बुरशी’ हे नाव रूढ झाले, परंतु ते दिशाभूल करणारे आहे. ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्ताच्या गुठळ्या निर्माण करते आणि रक्तपुरवठा बंद झालेला भाग मृत होऊन काळा पडतो. या गुठळ्यांमुळेच भक्षक पेशी व औषध हे दोन्ही संसर्गाच्या जागी पोहोचू शकत नाहीत. हा रोग एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला होत नाही.

नाकातून काळसर स्राव किंवा खपल्या येणे, चेहऱ्याच्या एका बाजूला वेदना, सूज वा बधिरता येणे, दात हलू लागणे, टाळूवर काळा डाग पडणे, पापणी खाली झुकणे आणि एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. रोग डोळ्यांमार्गे मेंदूपर्यंत पोहोचण्यास अनेकदा थोडेच दिवस लागतात. त्यामुळे लवकर निदान महत्त्वाचे ठरते.

त्वचा आणि डोळे

नायटा किंवा गजकर्ण हा त्वचेचा बुरशीसंसर्ग महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. ही बुरशी त्वचेच्या मृत थरातील केराटिनवर जगते. तिच्या वाढत्या कडेला प्रतिकारपेशी जमून दाह होतो आणि मधला भाग निवळतो. नायट्याचा वर्तुळाकार त्यामुळेच येतो. स्टेरॉइडमिश्रित मलमाने लाली व खाज थांबते, परंतु प्रत्यक्षात प्रतिकार दबून बुरशी अधिक पसरते. अशा मलमांचा स्वैर वापर आणि ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या औषधाला न जुमानणाऱ्या जातीचा प्रसार यांमुळे भारतात नायटा चिवट बनला आहे.

ज्वारी व ऊस ही सोलापूर जिल्ह्यातील प्रमुख पिके होत. काढणीच्या किंवा मळणीच्या वेळी डोळ्यात गेलेला भुसा, कुसळ अथवा पात्याचा ओरखडा यांतून फ्युझेरियम व ॲस्परजिलस या बुरशी बुबुळावरील पारदर्शक पटलात शिरू शकतात. या पटलात रक्तवाहिन्या नसल्यामुळे न्यूट्रोफिलांना कडेवरून व अश्रूंतून यावे लागते. ते आल्यावर बुरशी मारण्यासाठी सोडलेली द्रव्ये पटलालाही विरघळवतात व तेथे पांढरा व्रण राहतो. येथेही डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइडचे थेंब घालणे दृष्टी गमावण्यास कारण ठरू शकते.

उपचार

म्युकरमायकोसिसच्या उपचाराची तीन अंगे आहेत : मृत भाग शस्त्रक्रियेने काढणे, बुरशीरोधक औषध देणे आणि साखर व आम्लता नियंत्रणात आणून प्रतिकार पूर्ववत करणे. ॲम्फोटेरिसिन-बी हे प्रमुख औषध बुरशीच्या अर्गोस्टेरॉलला चिकटून तिचे पेशीपटल सच्छिद्र करते. त्याचा मूत्रपिंडावर दुष्परिणाम होतो. लायपोसोमयुक्त प्रकारात तो कमी असतो. मे २०२१ मध्ये या औषधाचा देशभर तुटवडा निर्माण झाला, तेव्हा वर्धा येथेही त्याचे उत्पादन सुरू करण्यात आले. पोसाकोनाझोल व आयसाव्हुकोनाझोल ही अन्य उपयुक्त औषधे होत. ॲम्फोटेरिसिनच्याच वर्गातील हॅमायसिन या औषधाचा शोध पुण्याजवळील पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीत एम. जे. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला होता.

औषधाने बुरशीची वाढ रोखली जाते, परंतु तिचा समूळ निकाल लावण्यासाठी शरीराच्या स्वतःच्या पेशींची साथ लागते. म्हणून मधुमेह नियंत्रणात न आणता केवळ औषध दिल्यास यश मिळण्याची शक्यता कमी असते.

लस आणि प्रतिबंध

मानवातील कोणत्याही बुरशीजन्य रोगावर अद्याप मान्यताप्राप्त लस नाही. ज्यांना लसीची सर्वाधिक गरज असते, त्यांची प्रतिकारयंत्रणाच दुबळी असल्याने लसीला पुरेसा प्रतिसाद मिळवणे, ही यातील मोठी अडचण होय. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ प्रमुख रोगकारक बुरशींची यादी प्रथमच प्रसिद्ध केली. तिच्यात म्युकोरेलीस गणाचा समावेश उच्च प्राधान्याच्या गटात आहे.

हवेतील बीजाणू पूर्णपणे टाळणे शक्य नसल्यामुळे प्रतिबंधाचा भर प्रतिकार शाबूत ठेवण्यावर असतो. मधुमेहाची नियमित तपासणी व नियंत्रण, स्टेरॉइडचा वापर केवळ डॉक्टरांच्या सल्ल्याने व ठरलेल्या मुदतीपुरता करणे, शेतात काम करताना डोळ्यांचे रक्षण करणे आणि मातीने माखलेली जखम तत्काळ स्वच्छ धुणे, हे त्यातील मुख्य उपाय होत.